आधी चित्र, मग पाइप



आज आपल्या शेतात आणि घरात पाइप कुठे नाही? विहिरीवरच्या मोटारीपासून ठिबकच्या गाळणीपर्यंत, फवाऱ्याच्या दांड्यापासून गोठ्याच्या छपरापर्यंत, कडबाकुट्टीच्या पायांपासून सायकल कोळप्याच्या मुठीपर्यंत सगळीकडे नळीच नळी. पूर्वी जी कामे बाभळीच्या लाकडाने व्हायची, ती आता लोखंडी नळीने होतात. सुताराच्या मेटाची जागा वेल्डिंगच्या दुकानाने घेतली आहे.

पण एक गोष्ट या बदलात हरवली. जुना सुतार लाकडाला हात घालण्याआधी गुण्या लावायचा, खुणा करायचा, मग करवत उचलायचा. नळीच्या कामात मात्र आपण दुकानात जातो, हाताने हवेत उंची दाखवतो आणि ‘एवढी ठेव’ म्हणतो. दुकानदारही ग्राइंडर फिरवतो. अंदाजपंचे दाहोदरसे! मग घरी आणल्यावर कळते, की दांडी चार बोटे लांब झाली किंवा बाक भलत्याच ठिकाणी आला.

नळीचा तुकडा वाया गेला तर थोडे पैसे गेले. पण चुकीच्या उंचीची मूठ धरून जी माउली सोयाबीनच्या किंवा हळदीच्या रानात दिवसभर भांगलण करते, तिच्या पाठीचा आणि मनगटाचा हिशेब कोण ठेवतो? अवजार गड्याच्या उंचीने बनते आणि ओढावे लागते बाईला. म्हणून आज तुम्हाला नळीची वस्तू संगणकावर आधी कशी काढायची, त्याची ओळख करून देणार आहे. विषय नवा वाटला तरी घाबरू नका. दिवाळीला चकल्या घालणाऱ्या घराला यातले निम्मे आधीच येते.

ही रीत आपल्याच मातीतली

आधी आराखडा आणि मग लोखंड ही रीत आपल्या भागाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नसे, म्हणून रंगकाम सुटले. पण यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण त्यांनी सोडले नाही. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तेच शिकवू लागले. नंतर बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर असा उद्योग उभा केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा या कामात वाटा आहे.

लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी भीती त्या काळी लोकांच्या मनात होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तरी नांगर टिकला. त्याच्या मागे एका माणसाची कागदावर आधी वस्तू पाहण्याची सवय होती, हे विसरू नये.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेतून १९२६ साली अभियंता होऊन आले. त्याच संस्थेत १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ काढायची आणि ती नंतर बदलायची, अशी ती युक्ती होती. आज ‘कॅड’ म्हणून जे काही शिकवतात, त्याची सुरुवात तिथली. कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेला आराखडा.

सपाट चित्र आणि घन आकृती

कागदावरचे चित्र सपाट असते. त्यात नळी म्हणजे दोन समांतर रेघा. ती किती जाड आहे, आतून पोकळ आहे की भरीव, हे सांगणाऱ्याने सांगायचे आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. घन आकृतीत तसे नसते. तिथे संगणकाला वस्तूचे आत आणि बाहेर दोन्ही ठाऊक असते. वस्तू फिरवून मागून पाहता येते, मधून कापून पाहता येते. धातू कोणता ते सांगितले की तिचे वजन निघते. मुख्य म्हणजे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेली बाकीची मापे आपोआप बदलतात.

नळीचे काम करणाऱ्याला यातली पाच हत्यारे आली तरी पुरे.

पहिले हत्यार आहे ओढणे. चकलीचा सोऱ्या आठवा. चकतीला जसे भोक, तशी शेव खाली पडते. संगणकावर एकात एक अशी दोन वर्तुळे काढायची, बाहेरचे नळीच्या बाहेरच्या मापाचे आणि आतले पोकळीच्या मापाचे. मग त्यांना सरळ रेषेत हवे तेवढे ओढायचे. झाली सरळ नळी. याला ‘एक्स्ट्रूड’ म्हणतात, काही ठिकाणी ‘पॅड’ असे लिहिलेले असते.

दुसरे, वाटेवरून ओढणे. शेव सरळ पडते, पण चकली घालताना तुमचा हात गोल फिरतो. चकती तीच, फक्त वाट वाकडी. तसेच आधी नळीच्या मध्यातून जाणारी वाट रेघेने काढायची आणि मग ती दोन वर्तुळे त्या वाटेवरून न्यायची. वाकवलेली नळी तयार. याला ‘स्वीप’ म्हणतात.

तिसरे, फिरवणे. कुंभाराच्या चाकावर माठ घडतो तसे अर्धे चित्र एका आसाभोवती फिरवले, की नोझल, झाकण, बुश अशा गोल वस्तू तयार होतात. याचे नाव ‘रिव्हॉल्व्ह’.

चौथे, पोखरणे. भोपळा आतून पोखरून तुंबा करतात तसे भरीव आकृतीला सांगायचे, की कडा दोन मि.मी. जाड ठेव आणि आतले काढून टाक. याला ‘शेल’ किंवा ‘थिकनेस’ म्हणतात.

पाचवे, मिळवणे आणि वजा करणे. वाटीने पुऱ्या पाडल्यावर लाटीत भोके राहतात, तसा एका आकृतीतून दुसरीचा आकार काढून टाकता येतो. बोल्टचे भोक असेच पडते. दोन नळ्यांचा सांधाही असाच निघतो.

नळी पोकळ का असते?

हत्यारे हातात घेण्याआधी नळीचा गुण समजून घ्या. बाहेरून २५.४ मि.मी. आणि २ मि.मी. जाड अशी एक इंची गोल ट्यूब घेतली, तर तिचे वजन मीटरला सुमारे १.१५ किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती जेमतेम १३.७ मि.मी. जाड येईल. लोखंड दोन्हीत सारखेच, पण वाकण्याला होणारा विरोध ट्यूबचा जवळजवळ सहापट असतो. लोखंड मध्यापासून जितके दूर, तितके ते जास्त कामाला येते. गव्हाची काडी आणि कळकाचे बेट वाऱ्यात उभे राहते ते याच नियमाने.

वजन काढायची सोपी रीत वहीत लिहून ठेवा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीने गुणा आणि मग ०.०२४६६ ने गुणा. मापे मि.मी.मध्ये घेतली की उत्तर मीटरला किलो असे मिळते. दुकानदाराने सांगितलेले वजन यावरून ताडून पाहता येते.

एक कोळपे काढून पाहू

आता सायकल कोळप्याची दांडी घेऊ. आपली आखणी अशी धरू: चाकाचा आस जमिनीपासून २० सें.मी. उंच. तिथून दांडी ३० सें.मी. आडवी मागे येते, मग ४५ अंशांत वर चढते आणि टोकाला ४५ सें.मी.ची आडवी मूठ असते.

पहिली पायरी घरातच करायची. जी व्यक्ती कोळपे वापरणार तिला सरळ उभे करा, चप्पल ज्या घालून ती रानात जाते त्याच असू द्या, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्या. मूठ त्याच्या आठ-दहा सें.मी. खाली ठेवा. पुढे ढकलण्याला ही उंची बरी पडते. समजा, घरातल्या गड्यासाठी मुठीची उंची ९५ सें.मी. आली आणि त्याच घरातल्या सुनेसाठी ८७ सें.मी. आली.

दुसरी पायरी म्हणजे वाट. संगणकावर बाजूने पाहिल्यासारखी रेघ काढा. आधी आडवी ३० सें.मी., मग ४५ अंशांत वर. उंची ९५ असेल तर चढ ७५ सें.मी.चा आणि तिरकी लांबी १०६ सें.मी. होते. उंची ८७ असेल तर तीच लांबी ९४.८ सें.मी. येते. म्हणजे उंचीत आठ सें.मी.चा फरक, तर दांडीत अकरा सें.मी.हून जास्त! हवेत हात दाखवून हे माप कधी जमणार?

इथेच संगणकाची खरी किंमत कळते. मुठीची उंची हे माप एका तक्त्यात लिहून ठेवायचे. ९५ खोडून ८७ लिहिले, की दांडी स्वतःच आखूड होते. चित्र दुसऱ्यांदा काढावे लागत नाही. एकाच आकृतीतून सासूचे, सुनेचे आणि गड्याचे अशी तीन कोळपी निघतात.

तिसरी पायरी: त्या वाटेवरून ट्यूब ओढा, मूठ सरळ ओढा आणि खालच्या टोकाला बोल्टची भोके पाडा. मग वजन विचारा. २ मि.मी. जाडीत दांडी आणि मूठ मिळून सुमारे २.१ किलो भरते, ३ मि.मी. जाडीत ३ किलो. ‘जाड घे, मजबूत असते’ असे म्हणताना हा नऊशे ग्रॅमचा बोजा दिवसभर कोणाच्या हातात राहणार, याचा विचार करा.

सांध्याचा कागद

दांडी जिथे मुठीला काटकोनात भिडते, तिथे दांडीचे टोक सपाट कापून चालत नाही. मधे फट राहते आणि वेल्डिंगवाला ती फट नुसती भरून काढतो. असा सांधा आधी तुटतो. टोक वाटीसारखे कोरलेले पाहिजे. घन आकृतीत दांडीतून मुठीचा आकार वजा केला, की ही कोर आपोआप येते.

संगणक नसला तरी हे काम कागदावर होते. दोन्ही नळ्या २५.४ मि.मी.च्या असतील, तर ७९.८ मि.मी. लांबीची कागदाची पट्टी घ्या. तेवढा नळीचा घेर असतो. पट्टीचे लांबीत बारा सारखे भाग करा. प्रत्येक भाग साधारण ६.६५ मि.मी.चा होईल. आता एक आडवी रेघ मारून तिच्यापासून वर, क्रमाने पुढील उंचीच्या खुणा करा: ०, १.७, ६.३५, १२.७, ६.३५, १.७, ०; आणि पुढे पुन्हा १.७, ६.३५, १२.७, ६.३५, १.७, ०. खुणा गोलाईने जोडा, पट्टी कापा, उंच खुणा नळीच्या टोकाकडे ठेवून ती नळीभोवती गुंडाळा आणि खडूने रेघ मारा. उंच आलेले दोन कान मुठीला दोन्ही बाजूंनी मिठी मारतील. शून्याच्या खुणा मुठीच्या लांबीच्या दिशेला राहतील. एवढे जमले की फट राहत नाही.

फसगतीच्या जागा

पहिली फसगत नावाची आहे. ‘एक इंची ट्यूब’ बाहेरून २५.४ मि.मी. असते, पण ‘एक इंची जी.आय. पाइप’ बाहेरून सुमारे ३३.७ मि.मी. भरतो. पाइपचे नाव आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. तसेच दोन इंची जी.आय. पाइप बाहेरून सुमारे ६०.३ मि.मी. असतो आणि पी.व्ही.सी.चा त्याच्या जवळचा पाइप ६३ मि.मी.चा. दोन्ही ‘दोन इंचीच’ म्हणून एकमेकांत बसवायला जाऊ नका, योग्य जोड घ्या. आकृतीत आकडा भरण्याआधी व्हर्नियरने बाहेरचे माप स्वतः घ्या. माप चुकीचे भरले तर संगणक चुकीचीच वस्तू सुबक काढून देईल.

दुसरी फसगत बाकाची. शंभर आणि साठ सें.मी.च्या दोन बाजू काटकोनात हव्या असतील, तर आपण १६० सें.मी. नळी कापतो. पण नळी कोपऱ्यात टोकदार वळत नाही, ती गोलाईने वळते. बाकाची त्रिज्या साडेसात सें.मी. धरली तर लागते फक्त १५६.८ सें.मी. एका बाकाला तीन सें.मी.चा फरक, चार बाकांच्या चौकटीत जवळजवळ तेरा. शिवाय त्रिज्या फार लहान घेतली की आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि बाहेरची बाजू ताणून पातळ होते. नळीच्या व्यासाच्या तिप्पट त्रिज्या ठेवली तर सहसा अडचण येत नाही. यंत्र नसेल तर कोरडी वाळू ठासून भरून वाकवण्याची जुनी रीत आहेच.

तिसरी गोष्ट जिवाची. जी.आय. पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो तसाच ठेवून वेल्डिंग केले तर निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढा आणि काम उघड्या हवेत करा.

चौथी गोष्ट अशी, की संगणकाला तुमची माती माहीत नाही. पलूसची काळी आणि पाटणची तांबडी रानात वेगळी वागते. म्हणून आकृती कितीही चांगली दिसली, तरी पहिला नग एकच करा, एक दिवस रानात चालवा, वापरणाऱ्या बाईला विचारा आणि मग पुढचे करा.

शिकायचे कोणी आणि कसे?

यासाठी फार खर्च येतो असे समजू नका. ‘फ्रीकॅड’ नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. जगभरच्या जाणकारांनी मिळून ती २००२ सालापासून वाढवत आणली आणि तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. एकदा संगणकावर उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालते. वर सांगितलेली पाचही हत्यारे आणि मापांचा तक्ता तिच्यात आहे. तयार आकृती ‘स्टेप’ नावाच्या प्रकारात साठवली, तर मोठ्या कारखान्यातल्या नळी कापणाऱ्या यंत्रालाही ती वाचता येते.

आपल्या भागात शिकलेल्या मुलांची वाण नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि राजारामनगरची संस्था १९८३ पासून अभियंते घडवीत आहे. आय.टी.आय. आणि तंत्रनिकेतनेही आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या घरातला मुलगा अथवा मुलगी कॅड शिकत असेल. तिथे ते पुस्तकातला नटबोल्ट काढतात. त्यांना सांगा, ‘बाळ, या सुट्टीत आपल्या कोळप्याची दांडी काढ.’ पोरांना खरे काम मिळेल आणि तुम्हाला खरे माप.

मुलींना यात मागे ठेवू नका. रेघ नेमकी काढायला अंगात बळ लागत नाही, आणि भांगलणीत कंबर कुठे दुखते हे तिला आईकडून ठाऊक असते.

दुकानात जाताना आकृतीचा छापील कागद न्या. त्यावर सहा गोष्टी असाव्यात: नळीचे बाहेरचे माप, जाडी, कापायची एकूण लांबी, बाकाची त्रिज्या, बाकाचा कोन आणि भोकांची जागा. दुकानदार कारागीर असतो, त्याचाही सल्ला ऐका. त्याच्या हाताचा अनुभव आणि तुमचे माप एकत्र आले म्हणजे वस्तू नीट होते.

पुढच्या भांगलणीला अजून अवधी आहे तोवर घरातल्या प्रत्येकाच्या कोपराची उंची मोजून भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवा. पहिले काम तेवढेच. त्याला संगणक लागत नाही, टेप पुरतो.